अर्थात गुंतायचे नाही

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी प्रूफे तपासायला लागले, तेव्हा तिथल्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी पहिल्याच दिवशी मला बजावले होते, की मजकुराच्या अर्थात गुंतायचे नाही. गोष्ट रंगू लागली की डोळा पुढे धावतो आणि मागे एखादी वेलांटी चुकीची राहून जाते; म्हणून वाक्य वाचायचे नाही, शब्द बघायचा, शब्दातले अक्षर बघायचे, आणि पान संपल्यावर त्यात काय होते असे कोणी विचारले तर सांगता आले नाही तरी चालेल, किंबहुना सांगता न आले तर उत्तमच. ही शिकवण माझ्या अंगात इतकी मुरली, की पुढे घरी आलेल्या लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ असे छापलेले मला दारातच दिसे आणि लग्न कोणत्या तारखेला आहे हे मात्र नवऱ्याला वाचून सांगावे लागे. या सवयीवर मी 12 वर्षे पोट भरले. नेदरलँड्समध्ये डच वाचनाच्या परीक्षेला बसायची वेळ आली, तेव्हा तीच सवय आडवी आली, त्याची ही हकिकत.

आम्ही 2018 साली आम्स्टलफेनला आलो. ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या या गावात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. कढीपत्ता मिळतो, गणपतीत आरतीला माणसे जमतात, आणि कामापुरते इंग्रजी येत असेल तर डच भाषेवाचून काही अडत नाही. आपण धीर करून दुकानात एखादे डच वाक्य जुळवावे, तर समोरचा माणूस आपली कीव येऊन इंग्रजीत उत्तर देतो. माझी प्रूफे पुण्याहून ईमेलने येत होती, ती तपासून परत जात होती. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, अशी चार वर्षे गेली. टपाल मात्र डचमध्येच येई. नगरपालिकेचे, म्हणजे खमेन्तेचे पत्र, करखात्याचा निळा लिफाफा, पाणी कंपनीचे बिल, दाताच्या डॉक्टरांचे स्मरणपत्र. मी प्रत्येकावर मोबाइलचा कॅमेरा धरत असे आणि पडद्यावर थरथरणारे इंग्रजी भाषांतर वाचून निभावून नेत असे.

एका शुक्रवारी हे निभावणे संपले. मुलीच्या शाळेतून आठवडाभर आधी ईमेल आले होते आणि त्या काळात मी थोडेफार डच शिकू लागले असल्यामुळे ते आपल्या आपण वाचायचे, असे मी ठरवले होते. त्यात लिहिले होते, की शुक्रवारी ‘स्ट्यूडीडाख’ आहे आणि सगळी मुले ‘फ्रै’ आहेत. ‘स्ट्यूडी’ म्हणजे अभ्यास, ‘डाख’ म्हणजे दिवस. तेव्हा अभ्यास दिन, यात मला शंकाच वाटली नाही. आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो, विज्ञान दिन असतो, तसा हा. ‘फ्रै’ म्हणजे मुक्त, मोकळे. तेव्हा मुलांनी त्या दिवशी हवे ते करावे, हवे ते घालावे. मी मुलीला तिचा जांभळा फ्रॉक घातला, दप्तरात तिची सगळी पुस्तके भरली आणि सायकलच्या मागे बसवून सव्वाआठला शाळेच्या फाटकाशी नेऊन उभी केली. पाऊस भुरभुरत होता. फाटकाला कुलूप होते, सायकली लावायचे मैदान रिकामे होते, आणि आतल्या काचेतून दिसत होते, की वर्गात शिक्षक आणि शिक्षिकाच मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गोल करून बसले आहेत. अभ्यास शिक्षकांचा होता. मुलांना सुट्टी होती. ‘फ्रै’ याचा सरळ अर्थ सुट्टी.

त्या ईमेलमधला एकही शब्द मी चुकीचा वाचला नव्हता. एकही अक्षर सुटले नव्हते. प्रूफ म्हणून बघितले असते तर पान निर्दोष होते.

मुलगी तेव्हा ‘ख्रूप द्री’ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इथली मुले वाचायला शिकतात त्या वर्गात होती. परत येताना ती मागून म्हणाली, “आई, तू मला विचारायचेस ना. स्ट्यूडीडाख सगळ्यांना माहीत असतो.” सहा वर्षांच्या मुलीने समजूतदारपणे बोलावे आणि आपण पावसात तोंड वळवता येत नाही म्हणून सायकल चालवत राहावे, हे मी काही काळ विसरणार नाही.

त्याच महिन्यात मी परीक्षेचा अर्ज भरला. खरे तर मला ती बंधनकारक नव्हती. उच्चशिक्षित नोकरदार म्हणून येणाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना सक्ती नाही. पण पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर ‘इनब्युर्खरिंग’, म्हणजे इथल्या समाजात सामावून जाण्याची परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते. भारतीय पासपोर्ट सोडायचा आमचा विचार नव्हता, तेव्हा परवान्यापुरते बघायचे होते. नवागतांनी भाषा शिकलीच पाहिजे असा पहिला कायदा इथे 1998 मध्ये झाला आणि तेव्हापासून तो बरेचदा बदलला. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने, ज्यांना सक्ती आहे त्यांच्यासाठी पातळी ए-2 वरून बी-1 पर्यंत वाढवली. माझ्यासारख्या स्वेच्छेने बसणाऱ्यांना ए-2 पुरे होती. युरोपात भाषेचे ज्ञान मोजायच्या सहा पायऱ्या आहेत, त्यांतली ही दुसरी. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण आणि डच समाजाची माहिती असे वेगवेगळे पेपर असतात आणि ते एकेक करून देता येतात. मी वाचनाचा आधी घेतला. वाचन तर आपला धंदाच आहे, असे मला वाटले.

सरकारी संकेतस्थळावर सरावाचे पेपर फुकट मिळतात. संगणकावर डावीकडे मजकूर असतो, उजवीकडे प्रश्न आणि त्याखाली पर्याय. वेळ 65 मिनिटे, प्रश्न पंचवीसच्या आसपास. मी कागद, पेन्सिल आणि शब्दकोश घेऊन बसले, पहिल्या मजकुराच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, अडलेला शब्द काढला, समासात अर्थ लिहिला, पुढच्या शब्दाकडे गेले. मजकूर होता इमारतीच्या जिन्यात सायकली न ठेवण्याविषयीच्या सूचनेचा. 65 मिनिटे संपली तेव्हा माझे निम्मे प्रश्न व्हायचे होते. जे झाले होते त्यांतही काही चुकले होते, कारण सूचनेतला शब्दन्‌शब्द मला आता येत होता आणि सायकल कुठे ठेवायची एवढेच मी बघितले नव्हते.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत आठवड्यातून एखाद्या सकाळी ‘ताल-काफे’ भरतो, म्हणजे भाषेचा कट्टा. ‘ताल’ म्हणजे भाषा. हा शब्द मला आल्याआल्याच आवडला होता. कॉफी मिळते, आणि गावातली निवृत्त माणसे स्वखुशीने येऊन नवख्यांशी डचमध्ये बोलत बसतात. माझ्या वाट्याला आलेल्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, आणि त्यांचा आग्रह असा, की मी त्यांना नावाने हाक मारावी आणि ‘ये’ म्हणावे. डचमध्ये ‘ये’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. आईच्या वयाच्या बाईंना अरेतुरे करायला माझी जीभ काही केल्या वळेना. मी ‘यू’ म्हणायची, त्या हसून ‘ये’ म्हणायच्या, आणि शेवटी मी वाक्येच अशी रचू लागले, की त्यांत दोन्ही येऊ नयेत. मनात मी त्यांना बाईच म्हणते.

बाईंनी माझा सरावाचा कागद पाहिला, समासातले पेन्सिलीचे बारीक अक्षर पाहिले, आणि म्हणाल्या, “किती सुरेख. पण तुला कोणी भाषांतर करायला सांगितले आहे का?” मग त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि कागदाच्या वर एकच प्रश्न लिहिला, ‘वात मूत ये डून?’ म्हणजे, तुला काय करायला हवे? आपल्या भाषेत नको तो अर्थ असलेला हा ‘मूत’ डचमध्ये ‘पाहिजे, केलेच पाहिजे’ असा अगदी सज्जन शब्द आहे आणि दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. पहिले वर्षभर मी आणि मुलगी तो ऐकून दर वेळी एकमेकींकडे बघत होतो. बाईंना मी ते समजावून सांगितले, तेव्हा त्यांना इतके हसू आले, की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून बघू लागली. तो प्रश्न मी त्यानंतर विसरले नाही, हे त्याचे श्रेय.

बाईंचे म्हणणे असे, की या परीक्षेतला प्रत्येक कागद कोणीतरी कोणाला तरी पाठवलेला असतो. कोणी पाठवला, कोणाला, आणि आता त्याने काय करायचे, एवढेच शोधायचे. पत्रात ‘यू’ असेल तर ते कार्यालयाचे, ‘ये’ असेल तर मैत्रिणीचे, सहकाऱ्याचे किंवा दुकानाच्या जाहिरातीचे. हे ऐकल्यावर मात्र माझा जुना डोळा प्रथमच कामाला आला, कारण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची एका मजकुरात झालेली सरमिसळ पकडणे हे तर माझे रोजचे काम होते.

दाताच्या डॉक्टरांकडून येते तसल्या एका पत्रातली तीन वाक्ये बाईंनी मला लिहून दिली होती, ती अजून माझ्या वहीत आहेत. पहिले वाक्य, ‘कुंत यू नीत कोमन?’ येऊ शकत नाही? दुसरे, ‘झेख द आफ्स्प्राक दान औटरलक 24 ऊर फान ताफोरन आफ.’ यातला ‘झेख’ म्हणजे सांगा. कोणाला, काय सांगा? ठरलेली वेळ सांगा, उशिरात उशिरा 24 तास आधी सांगा. मी अर्थ लावला, की येणार असल्याचे 24 तास आधी कळवायचे. बाईंनी वाक्याच्या अगदी शेवटी, पूर्णविरामाला चिकटून बसलेल्या ‘आफ’ वर बोट ठेवले. डच क्रियापदे अशी फुटतात. धड वाक्याच्या सुरुवातीला राहते आणि शेपूट शेवटी जाऊन बसते. ‘झेख’ अधिक ‘आफ’ म्हणजे रद्द करा. ‘झेख’ अधिक ‘तू’ म्हणजे वचन द्या. ‘झेख’ अधिक ‘ओप’ म्हणजे वर्गणी, करार किंवा भाड्याचे घर सोडत असल्याची नोटीस द्या. दोन अक्षरांच्या त्या शेपटावर सगळे अवलंबून असते.

तिसरे वाक्य मात्र मी पाहिल्याबरोबर पेन्सिल उचलली, कारण मला त्यात छपाईची चूक दिसली. ‘डूत यू दात नीत, दान बेताल्त यू द रेकनिंग.’ क्रियापद आधी, कर्ता नंतर, म्हणजे हा प्रश्न. तुम्ही ते करत नाही? मग इथे प्रश्नचिन्ह का नाही, स्वल्पविराम कसा? मी प्रश्नचिन्ह घातलेसुद्धा. बाई म्हणाल्या, प्रश्न नाही हा, ही अट आहे. क्रियापद पुढे आणले, की डचमध्ये ‘जर’ न लिहिता ‘जर’ होतो. तुम्ही तसे केले नाही, तर बिल तुम्ही भराल. बिनचूक वाक्यात मी एक चूक घालून ठेवली होती. धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही, आणि ते प्रश्नचिन्ह मी वहीत खोडले नाही, तसेच ठेवले आहे.

त्या दिवशी घरी जाताना मनात येत होते, की मराठी माणसाला हे शेपूट अवघड जायला नको होते. आपणही शेवटच्या शब्दापर्यंत थांबायला लहानपणीच शिकलेलो असतो. ‘मी उद्या तुमच्याकडे पोरांना घेऊन मुक्कामाला येणार’ इथवर ऐकून यजमानीण श्वास रोखून धरते, कारण ‘आहे’ की ‘नाही’ हे अजून यायचे असते. डच पोटवाक्यांतही क्रियापद असेच शेवटी जाते. ‘ओमदात इक झीक बेन’ म्हणजे कारण, मी, आजारी, आहे, याच क्रमाने. इंग्रजीच्या वाटेने डचकडे गेले की हा क्रम उलटा वाटतो. मी इतकी वर्षे इंग्रजीच्या वाटेने जात होते. मराठीतून गेले तर रस्ता जवळचा होता.

घड्याळाचेही तसेच. डच लोक ‘हाल्फ द्री’ म्हणतात, शब्दशः अर्धा तीन, आणि त्याचा अर्थ साडेतीन नव्हे, अडीच. सगळे नवखे इथे एकदा तरी तासभर उशिरा पोहोचतात. मीही केस कापायला म्हणून अशीच पोहोचले होते. पण आपला ‘अडीच’ तरी काय आहे? संस्कृत ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे, त्याचा झिजून झालेला तो शब्द. हाल्फ द्री म्हणजे तंतोतंत अर्धतृतीय. हे लक्षात आले तेव्हा मी ट्राममध्ये होते आणि मला इतका आनंद झाला, की कोणाला तरी सांगावेसे वाटले. पण ट्राममधल्या डच माणसाला प्राकृत कुठून समजावणार, म्हणून गप्प बसले. आकडेही आपल्यासारखेच. चोविसात आधी चार येतात आणि मग वीस; ‘फीर-एन-ट्विंतख’ मध्येही आधी चार, मग ‘आणि’, मग वीस. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस चार’ अशा वाचनाची सोय केली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. पुण्याच्या मैत्रिणींनी त्यावर पाठवलेले विनोद मी आम्स्टलफेनमध्ये वाचत होते, आणि त्याच वेळी शेजारची लहान मुले अंगणात एकं आधी, दहं नंतर असेच मोजत होती.

अर्थात सगळेच काही आपल्यासारखे नाही. आपल्या ‘पर्यंत’ ने आयुष्यभर लोकांना घोळात घातले आहे. ‘अर्ज शुक्रवारपर्यंत द्यावेत’ यात शुक्रवार धरायचा की नाही, यावर कार्यालयांच्या खिडक्यांशी भांडणे होतात, आणि म्हणून कोणी काळजीवाहू कारकून कंसात ‘तो दिवस धरून’ असे लिहितो. डचांनी त्याचे दोन शब्द केले. ‘तोत’ म्हटले की तो दिवस सोडून, ‘तोत एन मेत’ म्हटले की धरून, आणि हे दुसरे इतके लागते, की त्याचे तिरप्या रेघेचे छोटे रूप प्रत्येक पाटीवर दिसते. असले बारके शब्द हीच या परीक्षेची खरी पाठ्यपुस्तके. ‘मित्स’ म्हणजे अमुक एक अट पाळली तर; ‘तेन्झै’ म्हणजे अमुक नसेल तर; ‘बहाल्व’ म्हणजे खेरीज; ‘औटरलक’ म्हणजे उशिरात उशिरा. एका ‘तेन्झै’ ने होकाराचा नकार होतो. लांबलचक जोडशब्द बघून नवखा माणूस घाबरतो, पण ते शब्द निरुपद्रवी असतात, मध्ये तोडले की उलगडतात. दगा देतात ती चार-पाच अक्षरांची ही मंडळी, आणि डोळा नेमका त्यांच्यावरून घसरून पुढे जातो.

पुढचे तीन महिने मी गावभर वाचत हिंडले. कोणत्या वारी ओला कचरा, कोणत्या वारी कागद, याचे खमेन्तेचे वेळापत्रक. स्टेशनावरची सूचना, की शनिवार-रविवार रेल्वेऐवजी बस धावेल. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद. दुकानातली ‘दुसरे अर्ध्या किमतीत’ ही पाटी. प्रत्येक कागदाशी थांबून मी बाईंचा प्रश्न विचारत असे आणि उत्तर मिळाले की उरलेला मजकूर न वाचता पुढे जात असे. हे न वाचणे मला फार जड गेले. मुद्रितशोधकाने मजकूर अर्धवट सोडणे म्हणजे स्वयंपाकिणीने आमटी न ढवळता झाकण ठेवणे. रात्री प्रूफे तपासायला बसले की पुन्हा उलटा स्वभाव धारण करावा लागे. दिवसा अर्थ, रात्री अक्षर.

एकदा रक्त तपासायचे होते. चिठ्ठीवर लिहिले होते, की ‘नुख्तर’ यावे. हा शब्द मी बाईंकडून निराळ्याच अर्थाने ऐकला होता. डच माणूस स्वभावाने ‘नुख्तर’ असतो, म्हणजे पाय जमिनीवर असलेला, उगीच हुरळून न जाणारा, असे त्या अभिमानाने सांगत. शब्दकोशात आणखी एक अर्थ सापडला, दारू न प्यालेला. माझा स्वभाव मी एका रात्रीत बदलू शकत नव्हते आणि दारूचा प्रश्न नव्हता. मग बाईंचा प्रश्न विचारून बघितला, आणि उलगडले, की अनशापोटी यायचे आहे.

ग्रंथालयात आमच्या टेबलावर अलेप्पोहून आलेले एक गृहस्थ बसत. तिकडे ते शिंपीकाम करत. त्यांची परीक्षा माझ्यासारखी हौसेची नव्हती. ते 2013 च्या कायद्याखाली येत होते. मुदत तीन वर्षांची, ती चुकली तर दंड, शिकवणीसाठी सरकारकडून 10,000 युरोपर्यंत कर्ज, आणि वेळेत उत्तीर्ण झाले तर ते माफ. मुदतीविषयीचे पत्र ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून रोज बरोबर आणत. उजवीकडून डावीकडे वाचण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते, आणि ओळ संपली की क्षणभर त्यांची नजर चुकीच्या टोकाला जाई. वाचायला मला त्यांच्यापेक्षा निम्माच वेळ लागे. पण त्या पत्रात काय करायला सांगितले आहे, हे विचारले तर ते न बघता सांगत, कारण न कळून चालणारच नव्हते. मी त्यांच्यासमोर माझ्या अर्धतृतीयाच्या आनंदाविषयी कधी बोलले नाही.

बाईंना मात्र मी सगळे सांगे. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. तिथे सतराव्या शतकात डचांनी बांधलेल्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि सुट्टीत आम्ही मुले त्या बाजूला जाऊ नये म्हणून आजी साप-किरड्याची भीती घालत असे. जुन्या मराठी कागदांत डचांना ‘वलंदेज’ म्हणत. डच दप्तरांत आमचे गाव ‘विंगुर्ला’ होते. बाईंनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, विंगुर्ला, आणि म्हणाल्या, “तेव्हा आमचे लोक तुमची पत्रे कशी वाचत असतील?” दुभाषे होते, मी म्हटले. “त्यांना परीक्षा नव्हती,” बाई म्हणाल्या.

त्यांच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकले, जी परीक्षेत कोणी विचारणार नव्हते. डचमध्ये वर्तमानकाळी तृतीयपुरुषी क्रियापदाला शेवटी ‘त’ लागतो. पण मूळ धातूच ‘द’ ने संपत असेल, तर ‘द’ आणि ‘त’ दोन्ही लिहायचे असतात आणि उच्चारात मात्र काहीच फरक पडत नाही. ‘वोर्त’ हे ऐकून कळत नाही, की लिहिताना शेवटी नुसता ‘द’ आहे की ‘दत’. मुलांच्या वह्या, बातम्या, मंत्र्यांची निवेदने, सगळीकडे ही चूक होते, आणि जो ती करतो त्याला लोक सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या भूमीतून आलेल्या मला हे ऐकून घरी आल्यासारखे वाटले. कान मदत करत नाही, नियम पाठ असावा लागतो, आणि चुकणाऱ्याची जात-कुळी निघते. मी बाईंना आमच्या शुद्धलेखनाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 मध्ये वाढवलेले 4 यांची कथा सांगितली. त्यांनी मला सांगितले, की 1995 च्या सुधारणेत धिरड्याच्या भावाला, ‘पानकुक’ ला, मध्ये एक जास्तीचा ‘न’ चिकटवला गेला तो त्यांनी अजून मान्य केलेला नाही. त्या सकाळी आम्ही सरावाचा एकही प्रश्न सोडवला नाही.

परीक्षा ॲमस्टरडॅमला होती, 2023 च्या नोव्हेंबरात. ओळखपत्र दाखवले, मोबाइल आणि पिशवी कपाटात बंद केली. पेन्सिलही आत नेता आली नाही, हे मला अनपेक्षित होते. हातात काही नसताना मी शेवटचे कधी वाचले होते ते आठवेना. खोलीत संगणकांच्या रांगा आणि माणसे तऱ्हेतऱ्हेची, कोणी दाराशी देवाचे नाव घेत होते, एक तरुण बाई बाळाला बाहेर नवऱ्याकडे सोपवून आली होती. परीक्षेत आलेला मजकूर बाहेर सांगायचा नसतो, तेव्हा तो इथे सांगत नाही. एवढे सांगते, की मी आधी प्रश्न वाचला, मग मजकुरात तारीख, वार, शेपूट आणि बारके शब्द शोधले. एका मजकुरातला तिसरा परिच्छेद मी अजिबात वाचला नाही. त्यात काय होते कोण जाणे. आयुष्यात प्रथमच समोर छापील ओळी असताना मी त्यांना हात न लावता पुढे गेले. नऊ मिनिटे उरली.

निकाल काही आठवड्यांनी ऑनलाइन आला. उत्तीर्ण. बाईंना कळवले, तेव्हा त्यांचे पत्र आले, पोस्टाने, शाईच्या पेनाने लिहिलेले, आणि त्यात माझ्यासाठी ‘यू’ वापरला होता, गंमत म्हणून. मी उत्तरात पहिल्यांदा त्यांना ‘ये’ लिहिले.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कोणीतरी हाताने लिहिलेली सूचना चिकटवली. मुलगी माझ्याबरोबर होती. मी सूचना बघितली आणि क्षणात मला कळले, की शुक्रवारी लिफ्ट दुरुस्त होणार आहे, सकाळी नऊ ते अकरा ती बंद राहील, तेव्हा किराणा गुरुवारीच आणायला हवा. मुलीला तसे सांगितलेही. आमचा मजला आला, दार उघडले, ती बाहेर पडली. मी मात्र दारात पाय ठेवून थांबले. ‘वोर्त’ च्या शेवटी नुसता ‘द’ होता.

“आई, चल ना,” मुलगी म्हणाली. मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्या ‘द’ ला लागून एक लहानसा ‘त’ लिहिला.